कोपऱ्यातला म्हातारा

फिलाडेल्फियातल्या एका कळकट जिममध्ये रॉकी बाल्बोआ सकाळी व्यायामाला येतो, तर त्याचं लॉकर दुसऱ्याला देऊन टाकलेलं असतं. सहा वर्षं ते त्याच्याकडे होतं. सामान एका पिशवीत भरून बाहेर टांगलेलं. हे करणारा माणूस समोरच उभा असतो. डोक्यावर लोकरी टोपी, अनेकदा मोडलेल्या नाकाचा चेहरा, आवाज खडीवरून पत्रा ओढल्यासारखा. तो जिमचा मालक मिकी गोल्डमिल. दिलगिरी वगैरे काही नाही. ज्याला लॉकर दिलं त्याच्यात दम आहे आणि तुझ्यात नाही, इतकंच तो सुनावतो. पुढच्या खेपेला रॉकी कारण विचारतो तेव्हा मिकी सगळ्यांदेखत ओरडतो, की तुझ्या अंगात चांगला बॉक्सर व्हायचा माल होता आणि तू एका फालतू सावकाराचा वसुलीवाला झालास.

१९७६ साली आलेल्या ‘रॉकी’मध्ये मिकी वाट्याला येतो तो थोडाच वेळ. चित्रपट सिल्व्हेस्टर स्टॅलनचा आहे, त्यानंच लिहिलेला, त्यानंच उभा केलेला. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्या, बिल काँटीचं संगीत आणि शेवटची पंधरा फेऱ्यांची झुंज. तरीही मला ठामपणे वाटतं, की या चित्रपटाचं खरं वजन पेलतो तो मिकी झालेला बर्जेस मेरिडिथ. मुष्टियुद्धावरच्या चित्रपटांत वस्तादाच्या भूमिका पुष्कळ झाल्या, काही उत्तम झाल्या. पण म्हातारपणी दुसऱ्याच्या दारात जाऊन स्वतःसाठी काहीतरी मागायची लाज एवढ्या उघडेपणानं दाखवणारी दुसरी भूमिका मी पाहिलेली नाही.

मेरिडिथ तेव्हा ६८ वर्षांचा होता. जन्म १६ नोव्हेंबर १९०७, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडचा. वडील डॉक्टर. ॲमहर्स्ट कॉलेजात गेला, पदवी काही पुरी झाली नाही. १९२९ मध्ये न्यूयॉर्कला इव्हा ल गॅलियनच्या सिव्हिक रेपर्टरी थिएटरमध्ये दाखल झाला आणि तिथून त्याचं रंगभूमीवरचं आयुष्य सुरू झालं. १९३५ मध्ये मॅक्सवेल अँडरसनच्या ‘विंटरसेट’ नाटकानं त्याला ब्रॉडवेवर नाव मिळवून दिलं. वर्षभरात त्याच नाटकाचा चित्रपट झाला आणि नायक तोच. १९३९ मध्ये जॉन स्टाइनबेकच्या ‘ऑफ माइस अँड मेन’वरच्या चित्रपटात तो जॉर्ज झाला. भोळ्या, धिप्पाड लेनीला सांभाळणारा आणि अखेरीस त्याच्यावर स्वतःच्या हातानं गोळी झाडणारा जॉर्ज. लेनीची भूमिका लॉन चेनी ज्युनियरनं केली होती. दुसऱ्या माणसाची जबाबदारी अंगावर घेऊन थकलेला, वैतागलेला आणि तरी त्याच्यापासून सुटू न शकणारा माणूस मेरिडिथनं तिथे, बत्तिसाव्या वर्षीच, दाखवून ठेवला होता.

युद्धात तो सैन्याच्या हवाई दलात कॅप्टन होता. १९४५ मध्ये ‘द स्टोरी ऑफ जी. आय. जो’ या विल्यम वेलमनच्या चित्रपटात त्यानं अर्नी पाइल या युद्धवार्ताहराची भूमिका केली. पायदळातल्या साध्या शिपायांबरोबर चिखलातून चालणारा, कमी बोलणारा, मऊ आवाजाचा हा पत्रकार आणि तीस वर्षांनंतरचा मिकी यांना लागोपाठ पाहिलं, तर दोघांमागे एकच नट आहे यावर विश्वास बसणं अवघड जातं. नंतर ज्याँ रेनवारबरोबर त्यानं ‘द डायरी ऑफ अ चेंबरमेड’ केला. त्याची पटकथा मेरिडिथनंच लिहिली होती, नायिका होती त्याची तेव्हाची पत्नी पॉलेट गॉडर्ड. नायक, लेखक, निर्माता, लवकरच दिग्दर्शकही. चाळिशीला येता येता त्याच्यापुढे सगळे रस्ते मोकळे दिसत होते.

ते बंद झाले राजकारणामुळे. अमेरिकेत कम्युनिस्ट शोधण्याची लाट आली तेव्हा संसदीय चौकशी समितीच्या कारभाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या कलावंतांत मेरिडिथ होता. हॉलिवूडच्या काळ्या यादीची झळ त्याला लागली आणि १९५० चं जवळजवळ सगळं दशक तो मोठ्या पडद्यावरून दिसेनासा झाला. नाटकं केली, नाटकं बसवली, रेडिओ आणि नव्यानं आलेल्या टीव्हीवर मिळेल ते काम केलं. नटाच्या आयुष्यातला चाळिशी ते पन्नाशी हा भाग म्हणजे चेहऱ्यावर वय दिसू लागलेलं आणि अंगात ताकद शाबूत असलेली वर्षं. त्याची नेमकी तीच गेली.

ऑटो प्रेमिंजर या दिग्दर्शकानं त्याला परत बोलावलं. १९६२ च्या ‘ॲडव्हाइज अँड कन्सेंट’मध्ये त्याला भूमिका मिळाली ती एका साध्या कारकुनाची. सिनेटच्या समितीपुढे येऊन हा कारकून एका बड्या अधिकाऱ्यावर तो पूर्वी कम्युनिस्ट असल्याचा आरोप करतो. ज्या प्रकारच्या साक्षींनी मेरिडिथच्या पिढीतल्या कित्येकांची कामं गेली, तशीच साक्ष त्यानं पडद्यावर दिली, आणि त्या घाबरलेल्या, घाम फुटलेल्या माणसावर त्यानं जराही अन्याय केला नाही.

मग १९६६ आलं. ‘बॅटमॅन’ या टीव्ही मालिकेत तो पेंग्विन झाला. उंच टोपी, छत्री, लांब नळीतली सिगारेट आणि बदकासारखं हसणं. सिगारेट त्यानं कधीच सोडली होती, त्यामुळे चित्रीकरणात धूर घशात जाऊन खोकला यायचा. तो लपवायला हे हसणं सुचलं असं तो सांगत असे. मालिका इतकी गाजली, की पुढची दहा वर्षं अमेरिकेतली पोरं रस्त्यात त्याला पेंग्विन म्हणूनच ओळखत. स्टाइनबेकचा जॉर्ज मागे पडला, अर्नी पाइल मागे पडला. १९७५ मध्ये ‘द डे ऑफ द लोकस्ट’मध्ये त्यानं विनोदी खेळ करणाऱ्या एका उतारवयातल्या नटाचं काम केलं. दारोदार पॉलिश विकत फिरणारा आणि गिऱ्हाइकापुढेही नाटक थांबवू न शकणारा हा म्हातारा. त्या कामासाठी सहायक अभिनेत्याच्या ऑस्करचं नामांकन मिळालं, पारितोषिक मिळालं नाही. ‘रॉकी’चं चित्रीकरण सुरू झालं तेव्हा त्याची परिस्थिती ही अशी होती.

‘रॉकी’च्या जन्माची गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. २४ मार्च १९७५ रोजी ओहायोतल्या रिचफिल्डला मुहम्मद अली विरुद्ध चक वेपनर ही लढत झाली. वेपनर कुणाच्या खिजगणतीत नव्हता, पण तो पंधराव्या फेरीपर्यंत उभा राहिला. बेकारीत दिवस काढणाऱ्या स्टॅलननं ते पाहिलं आणि साडेतीन दिवसांत पटकथेचा पहिला खर्डा लिहून काढला. निर्माते आयर्विन विंक्लर आणि रॉबर्ट चार्टऑफ यांना नायक म्हणून नामवंत नट हवा होता. स्टॅलन मीच करणार म्हणून अडून बसला. शेवटी दहा लाख डॉलरच्या आसपासच्या खर्चात, २८ दिवसांत, जॉन एव्हिल्डसननं चित्रपट पुरा केला. पैसा इतका कमी, की नवख्या आणि अनोळखी नटांचंच काम जास्त. सगळ्या संचात चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा अनुभव असलेला नट म्हणजे मेरिडिथ.

आता मिकीचा तो प्रवेश. जगज्जेता अपोलो क्रीड एक गंमत म्हणून फिलाडेल्फियातल्या एखाद्या स्थानिक बॉक्सरला लढतीची संधी द्यायचं ठरवतो आणि नाव निघतं रॉकीचं. बातमी टीव्हीवर येते. आणि एका रात्री रॉकीच्या दारावर थाप पडते. दारात मिकी.

हा मिकी वेगळाच आहे. जिममध्ये छाती काढून चालणारा माणूस इथे खोलीत कुठे उभं राहावं या विचारात पडलेला. रॉकीच्या पाळीव कासवांवर दोन शब्द बोलतो. भिंतीवरच्या बॉक्सर रॉकी मार्सियानोच्या फोटोकडे बघतो आणि म्हणतो, तू त्याच्यासारखाच आहेस, तुझं काळीज त्याच्यासारखं आहे. रॉकी मान वर न करता उत्तर देतो, की काळीज आहे, पण लॉकर नाही, खरं ना? मिकी हे ऐकतो आणि न ऐकल्यासारखं करून पुढे बोलत राहतो. मेरिडिथनं इथे जे केलंय ते बघण्यासारखं आहे. त्याचे हात सतत काहीतरी करत असतात, नजर रॉकीच्या तोंडाकडे जाते आणि लगेच दुसरीकडे वळते. तो स्वतःचा माल विकायला आलेला आहे आणि गिऱ्हाईक दार लावायच्या बेतात आहे हे त्याला कळतंय. तो आपला जुना फोटो दाखवतो, तरुणपणाचा. १९२३ साली ज्या रात्री फिर्पोनं जॅक डेम्प्सीला रिंगबाहेर फेकलं त्याच रात्री आपणही कुठेतरी लढलो होतो, पण वर्तमानपत्रांना डेम्प्सीपुढे काही दिसलंच नाही, हे सांगतो. चेहऱ्यावरचे टाके, मोडलेलं नाक, सगळं मोजून दाखवतो. आपल्याला त्या काळी मॅनेजर नव्हता, ते तुझ्या बाबतीत होऊ नये, म्हणतो. आणि शेवटी, वय ७६ झालं हे सांगतो.

रॉकी उठतो आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतो. बस्स.

मिकी बंद दाराकडे बघतो. फोटो गोळा करतो. जिना उतरू लागतो. तो गेल्यावर रॉकी बाहेर येतो आणि रिकाम्या खोलीत ओरडायला लागतो, की दहा वर्षांपूर्वी मदत हवी होती तेव्हा कुठे होतास? माझं वय गेलं, आता काय उरलंय? जिन्यावरच्या म्हाताऱ्याला प्रत्येक शब्द ऐकू येत असतो. मग रॉकी धावत खाली जातो. इथे एव्हिल्डसन कॅमेरा लांबच ठेवतो. रस्त्यावर दोन लहान आकृत्या दिसतात, रॉकी मिकीला गाठतो, खांद्यावर हात ठेवतो, दोघं हात मिळवतात. ते काय बोलले हे आपल्याला ऐकू येत नाही. इतका मोठा समेट आणि त्यात एकही ऐकू येणारा संवाद नाही. कुठल्याही पटकथा-लेखनाच्या वर्गात तासभर दाखवावा असा हा तुकडा आहे.

या प्रवेशात मिकी शहाणा माणूस म्हणून येत नाही, आणि माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीपाशी येतं. तो स्वार्थासाठी आला आहे. दहा वर्षं ज्याच्याकडे पाहिलं नाही त्याला संधी मिळताच हा दारात उभा राहिला, हे उघड आहे, आणि चित्रपट ते झाकत नाही. पण त्याचा स्वार्थ इतका जुना, इतका थकलेला आहे, की आपल्याला त्याचा राग धरवत नाही. त्याला रॉकीला घडवायचं आहे ते आधी स्वतःसाठी. आयुष्यभर ज्या खेळाला दिलं त्यानं एकदा तरी नाव घ्यावं म्हणून. हे स्टॅलनच्या लेखनात होतं. पण एखाद्या साध्या नटानं इथे डोळ्यांत पाणी आणलं असतं आणि प्रवेश गोडसर होऊन गेला असता. मेरिडिथ डोळ्यांत पाणी आणत नाही. तो तिरसटपणा सोडत नाही, याचना करतानाही नाही. चाळीस वर्षं कामं मिळवलेल्या, घालवलेल्या, काळ्या यादीनं बाजूला सारलेल्या आणि बदकाचं हसू हसून परत आलेल्या नटाला मागायला जाणं कसं असतं हे वेगळं शिकवावं लागलं नसेल. हा माझा तर्क आहे. पण त्याचा चेहरा पाहताना तो मनातून जात नाही.

तालमीच्या प्रसंगांत मिकी पुन्हा पूर्वीचा होतो. रॉकीचे पाय फार फाकतात म्हणून दोन्ही घोट्यांना दोरी बांधून त्याला हालायला लावतो. ही युक्ती हवेतून आलेली नाही. मार्सियानोचा वस्ताद चार्ली गोल्डमन यानंही मार्सियानोचे पाय आवरायला असाच उपाय केला होता असं सांगतात. गोल्डमनही बुटका, एकेकाळचा बॉक्सर, मोडक्या नाकाचा. जिमच्या आतले प्रसंग लॉस एंजेलिसच्या मेन स्ट्रीट जिममध्ये चित्रित झाले. ती खरोखरची, घामानं भिजलेली जागा होती. मेरिडिथ तिथे सकाळ-संध्याकाळ तिथलाच असल्यासारखा वावरतो. बोलताना ओठाच्या एका कोपऱ्यातून शब्द काढतो, मान पुढे आणि खांदे किंचित वर, ठोसा चुकवायची सवय अंगात मुरलेल्या माणसासारखे. ही अंगाची ढब आधी जुळली आणि मग संवाद आले, असं वाटावं इतकं ते एकजीव आहे.

आणि मग लढत. चौदाव्या फेरीत अपोलोच्या ठोशानं रॉकी खाली कोसळतो. कोपऱ्यातून मिकी ओरडतो ते शब्द कुणाच्या अपेक्षेतले नसतात. तो रॉकीला खालीच राहायला सांगतो. उठू नकोस म्हणतो. ज्याला आयुष्यभर एका संधीची आस होती, तो संधी हातात असताना ती सोडायला तयार होतो, कारण समोर एका माणसाचा चेहरा फुटतोय. रॉकी ऐकत नाही, दोर धरून उभा राहतो, आणि प्रेक्षागृह त्या उठण्यावर टाळ्या वाजवतं. मला मात्र त्या ‘खालीच राहा’त मिकीचं सगळं आयुष्य बदललेलं दिसतं. रॉकीच्या घरी स्वतःसाठी गेलेला माणूस इथे स्वतःला विसरला.

ज्यांनी तेव्हा खरं मुष्टियुद्ध पाहिलं होतं त्यांना त्या आरोळीचा अर्थ जास्त कळला असेल. ‘रॉकी’च्या चित्रीकरणाच्या काही महिने आधी, १ ऑक्टोबर १९७५ रोजी, मनिलाला अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी लढत झाली. चौदा फेऱ्या संपल्या तेव्हा फ्रेझरला धड दिसत नव्हतं. त्याला पंधरावी लढायची होती. त्याचा वस्ताद एडी फच यानं लढत थांबवली. विजेतेपद अगदी जवळ असताना आपल्या माणसाला बसवून ठेवणं हा या खेळातला सगळ्यात अवघड निर्णय, आणि तो कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यालाच घ्यावा लागतो. फ्रेझर फिलाडेल्फियाचाच. ‘रॉकी’मध्ये शेवटच्या लढतीआधी तो स्वतः रिंगमध्ये येऊन जातो.

पुढच्या भागांत मिकी आणखी प्रेमळ झाला, थोडा गोडही. दुसऱ्या भागात तो रॉकीला कोंबडीमागे पळवतो, लोक हसतात. तिसऱ्या भागात, १९८२ मध्ये, मेरिडिथला पुन्हा एक चांगला प्रवेश मिळाला. आपण तुझ्यासाठी सोपे प्रतिस्पर्धी निवडत आलो, तुला जपत आलो, हे मिकी कबूल करतो. त्याच भागात तो कपडे बदलायच्या खोलीत मरतो. रॉकी दुसऱ्या फेरीत हरून आलेला आहे. लढत कशी संपली असं म्हातारा विचारतो आणि रॉकी सांगतो, नॉकआउट, दुसऱ्या फेरीत. कोण पडलं हे सांगत नाही. मिकी समाधानानं जातो.

या भूमिकेची पोरंबाळं जगभर झाली. खुद्द एव्हिल्डसननंच १९८४ मध्ये ‘द कराटे किड’ केला आणि पॅट मोरिटाचा मियागी ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. पण मियागी सगळं जाणणारा गुरू आहे, त्याला शिष्याकडून काहीच नको असतं. नंतरच्या बहुतेक चित्रपटांनी हाच सोपा नमुना उचलला. मिकीच्या जवळ जाणारे थोडे. ‘मिलियन डॉलर बेबी’तला, एक डोळा गमावून जिमची झाडलोट करणारा मॉर्गन फ्रीमन त्यांतला एक, आणि त्याला ऑस्कर मिळालं. आपल्याकडे २०२१ मध्ये राकेश ओमप्रकाश मेहरांचा ‘तूफान’ आला. त्यात डोंगरीतल्या वसुली करणाऱ्या अझीझ अलीला घडवणारा नाना प्रभू परेश रावलनं केला. हा मुंबईचा मराठी वस्ताद मोठा आहे तसाच कोताही आहे, मनात जुनी जखम आणि द्वेष बाळगून आहे. चित्रपट पुढे ढिला पडतो, पण नाना प्रभूच्या कोतेपणाला तो साखर लावत नाही, म्हणून मी त्याला मिकीच्या घराण्यातला मानतो.

‘रॉकी’ला १९७७ मध्ये दहा नामांकनं मिळाली आणि तीन ऑस्कर: चित्रपट, दिग्दर्शन, संकलन. सहायक अभिनेत्याच्या यादीत मेरिडिथ होता, आणि रॉकीचा मित्र पॉली झालेला बर्ट यंगही. पारितोषिक गेलं ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’साठी जेसन रोबार्ड्सला. रोबार्ड्स थोर नट होता, काम चांगलं होतं. तरीही मला तो निवाडा चुकलेला वाटतो. त्याच १९७७ साली मेरिडिथला एमी पारितोषिक मिळालं, ‘टेल गनर जो’ या टीव्ही चित्रपटासाठी. त्यात त्यानं जोसेफ वेल्चची भूमिका केली होती. हा तोच वकील, ज्यानं १९५४ मध्ये भर सुनावणीत, कम्युनिस्ट शोधण्यात आघाडीवर असलेल्या सिनेटर मॅकार्थीला तोंडावर जाब विचारला आणि ज्याच्यानंतर मॅकार्थीची सद्दी ओसरली. काळ्या यादीची झळ सोसलेल्या नटाला आयुष्यातलं एक मोठं पारितोषिक या भूमिकेनं मिळवून दिलं.

मेरिडिथ शेवटपर्यंत काम करत राहिला. नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना ‘ग्रंपी ओल्ड मेन’च्या दोन भागांत त्यानं जॅक लेमनच्या खट्याळ बापाचं काम केलं. ९ सप्टेंबर १९९७ रोजी मालिबूला तो गेला, वय ८९.

मिकीची जागा पुढे रॉकीनंच घेतली. २०१५ मध्ये रायन कूगलरच्या ‘क्रीड’मध्ये म्हातारा झालेला रॉकी अपोलोच्या मुलाला शिकवतो, आणि त्यासाठी स्टॅलनला सहायक अभिनेत्याच्या ऑस्करचं नामांकन मिळालं. त्याचंही पारितोषिक हुकलं. १९७७ च्या समारंभात मेरिडिथ ६९ वर्षांचा होता. २०१६ च्या समारंभात स्टॅलनही ६९ वर्षांचाच होता.